विश्लेषण : समुद्रावर गरी टाकायला एक दिवस… सिंदीहून जाणाऱ्या मित्रमंडळींसाठी ही हौस किती सोपी, किती धोक्याची?

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन बोटीने समुद्रात शिरायचे, गळाने सुरमई काढायची आणि संध्याकाळी तीच तव्यावर टाकायची, असा बेत विदर्भातल्या मित्रांच्या गटांत आता ऐकू येतो. हा दिवस सुखाचा जाईल की नाही, हे गळावर फारसे अवलंबून नसते. ते हवेवर, बोटीच्या कागदांवर आणि रजेच्या तारखांवर ठरते.

सिंदी आणि समुद्राचा संबंध काय?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात असलेल्या सिंदी (रेल्वे) या गावाच्या वाट्याला बंदर आले, पण समुद्र आला नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या ‘ड्रायपोर्ट’साठी, म्हणजे जमिनीवरच्या कोरड्या बंदरासाठी, याच गावाची निवड झाली आणि २०१७ मध्ये भूमिपूजनही झाले. खरा समुद्र मात्र रेल्वेने जवळजवळ आठशे किलोमीटर दूर आहे. समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाल्याने मुंबईपर्यंतचा रस्ता सोपा झाला. तरी तिथून पुढे अलिबाग, मुरुड, हर्णे, देवगड किंवा मालवण गाठायचे तर आणखी अर्धा दिवस ते एक दिवस धरावा लागतो.

म्हणजे समुद्रावरच्या एका दिवसासाठी सिंदीच्या चार मित्रांना किमान चार दिवसांची रजा, गाडीचे डिझेल, लॉजचे भाडे आणि बोटीचे आगाऊ पैसे असा सगळा खटाटोप करावा लागतो. हा हिशेब लक्षात ठेवायला हवा. पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात.

हौशी मासेमारी म्हणजे नेमके काय?

पोटासाठी जाळे टाकणे वेगळे आणि खेळ म्हणून दांडी-रिळाने एकेक मासा काढणे वेगळे. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला गरवणे. खडकावर बसून गरवणारी माणसे किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या आहेत. बोटीने आत जाऊन दांडी, रीळ आणि कृत्रिम आमिष वापरून मोठा मासा काढणे, हे त्याचेच पुढचे आणि खर्चिक रूप. या खेळाचे जागतिक नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन १९३९ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांचा गाभा असा, की मासा ज्याच्या गरीला लागला त्यानेच तो बोटीपर्यंत आणायचा. मध्येच दुसऱ्याने दांडीला हात लावला तर विक्रम धरला जात नाही. मित्रांच्या बोटीवर हा नियम पहिल्याच माशाला मोडतो, ही गोष्ट वेगळी.

पद्धती मुख्यतः तीन. बोट चालू ठेवून मागे आमिष ओढत नेणे म्हणजे ट्रोलिंग. सुरमई, कुपा, टोळ असे वेगाने पोहणारे मासे याला लागतात. दुसरी जिगिंग : जड धातूचे आमिष तळापर्यंत सोडून झटके देत वर आणायचे. तिसरी सर्वांत जुनी, तळाची गरी. तिला बांगड्याचा किंवा म्हाकुलाचा तुकडा लावून खडकाळ जागी सोडतात. तिथे गोब्रा, तांबोशी, शिंगाळा लागतो. सुरमईचे दात कात्रीसारखे असल्याने तिच्यासाठी गरीच्या वर हातभर तारेचा तुकडा लावावा लागतो. नवखे लोक हे विसरतात आणि सकाळची पहिली सुरमई आमिषासकट जाते.

धरणावरचा अनुभव इथे का चालत नाही?

सेलू तालुक्यातल्या माणसाला गरी नवी नाही. गावतळे, नाल्यातला डोह, कालवा अशा ठिकाणी पिठाचा गोळा किंवा गांडूळ लावून तासन्तास बसलेली मुले सगळ्यांनीच पाहिली आहेत. बोर धरणाला लागून व्याघ्र प्रकल्प असल्याने तिथे मनाला येईल तिथे गरी टाकता येत नाही. बाकी तलावांवर मासेमारी सहकारी संस्थांचा हक्क असतो, त्यांची परवानगी लागते. तरीही मरळ किंवा रोहू काढण्याचा हात अनेकांना असतो.

तलावातले पाणी मात्र एका जागी उभे असते. समुद्रात बोट हलते, पाणी वाहते, वारा तिसरीकडेच ओढतो आणि या तिघांच्या मध्ये दोरी सरळ ठेवायची असते. तलावात मासा लागला की ओढून काढतात. समुद्रात पंधरा किलोचा मासा तसा ओढला तर दोरी तुटते किंवा हात कापतो. म्हणून रिळाला ब्रेक असतो, ठरावीक ताणापलीकडे तो दोरी सोडतो. मासा पळू लागला की पळू द्यायचा, थांबला की गुंडाळायचे. हे शिकायला एक दिवस पुरतो. बोटीवर उभे राहायला शिकण्यास मात्र कधी कधी तो पुरत नाही.

पोहण्याचेही तसेच. विहिरीत सूर मारणारा तरुण ‘मला पोहता येते’ म्हणून लाइफ जॅकेट काढून बसतो. विहिरीला काठ असतो. समुद्रात पडलेल्या माणसापासून बोट काही मिनिटांत शे-दोनशे मीटर दूर गेलेली असते आणि लाटांमध्ये त्याचे डोके बोटीवरून दिसतही नाही.

अंदमानसारखे राक्षसी मासे इथे का लागत नाहीत?

समाजमाध्यमांवर दिसणारे मांडीएवढ्या जाडीचे मासे बहुतेक अंदमानचे असतात. तिथे बेटापासून काही किलोमीटरवरच तळ शेकडो मीटर खोल जातो. महाराष्ट्रासमोर तसे नाही. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, ज्याला सागरमग्न खंडभूमी म्हणतात, तो मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. एका दिवसात बोट जितकी आत जाऊन परत येऊ शकते, तेवढ्यात पाणी साधारण २० ते ४० मीटरच खोल असते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळ पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पठार पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर आहे आणि माशांनी समृद्ध आहे. दांडीवाल्यांच्या गप्पांत त्याचे नाव निघतेच. पण लहान फायबर बोटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची ती जागा नव्हे. तसे आश्वासन कोणी देत असेल, तर तिथेच बोलणे थांबवलेले बरे.

उथळ पाण्याचा फायदाही आहे. पावसाळ्यात नद्यांनी आणलेले खाद्य इथेच साचते, त्यावर तारली-बांगडा येतो आणि त्यांच्या मागे सुरमई. पावसानंतर गढूळ झालेले पाणी निवळू लागले की आमिष माशाला दिसते. म्हणजे हौशी माणसासाठी चांगला काळ ऑक्टोबरपासून सुरू होतो, आणि नेमकी तिथेच मेख आहे.

दिवाळीची रजा धोक्याची का?

सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी सुरू असते, मुलांना सुट्टी असते, नोकरीवाल्यांना रजा मिळते. चार मित्र एकत्र यायचे तर दिवाळीच सोयीची. अरबी समुद्रात चक्रीवादळे होण्याचे वर्षातले दोन काळ आहेत : एक मे-जून आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळी दुसऱ्याच्या मधोमध येते.

२०१९ ची दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी अरबी समुद्रातले ‘क्यार’ वादळ महाचक्रीवादळाच्या श्रेणीत पोहोचले होते. ते किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेले, तरी त्याआधी कोकण किनाऱ्यावर पाऊस, वारा आणि मोठ्या लाटा आल्याच. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा समुद्रात असलेल्या मच्छीमारांना परतायला फार वेळ मिळाला नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’च्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या नौका भरकटत येऊन देवगड बंदरात आसऱ्याला थांबल्या होत्या. ज्यांचे आयुष्य समुद्रावर गेले त्यांची ही अवस्था.

वादळ दर वर्षी येते असे नाही. त्याहून नेहमीचा धोका साध्या वाऱ्याचा. पहाटे आरशासारखा दिसणारा समुद्र दुपारी वारा वाढल्यावर उसळू लागतो. अशा दिवशी तांडेल सकाळीच म्हणतो, ‘आज वारो हा, नको.’ स्थानिक गिऱ्हाईक मान डोलावून उद्या येतो. आठशे किलोमीटर लांबून आलेले चौघे मात्र उद्या परतीच्या गाडीत असतात. मग सुरू होते, ‘भाऊ, थोडं आत जाऊन तर पाहू’, ‘एवढ्या लांबून आलो’, ‘पैसे वाढवून देतो’. तांडेलाचेही पोट त्यावर असते. तो नाही म्हणत म्हणत निघतो.

आत गेल्यावर हाच पेच पुन्हा येतो. मासा लागलेला नसतो, वारा वाढलेला असतो आणि चौघांपैकी एकाला परत फिरावेसे वाटत असते, पण तो बोलत नाही. मित्रांत घाबरट ठरायचे कोणाला असते? नागपूर जिल्ह्यातील वेणा जलाशयात ९ जुलै २०१७ रोजी मित्रांच्या गटाची होडी उलटून आठ जणांचा मृत्यू झाला. उलटण्याआधी होडीतून मोबाइलवर थेट चित्रण चालले होते. ते धरण होते, समुद्र नव्हता. सिंदीहून ते फार लांबही नाही. वर्धा नदीतही १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे होडी उलटून एकाच नात्यातली माणसे गेली. पाण्याशी रोजचा संबंध नसलेल्या माणसाला पाणी कधी उलटेल हे कळत नाही. ते ज्याला कळते त्याचे ऐकायचे असते, आणि नेमक्या त्याच माणसाला आपण पैसे वाढवून गप्प करतो.

यावर उपाय साधा आहे, पण खर्चाचा आहे. रजा घेताना समुद्रासाठी एक नव्हे, दोन दिवस धरायचे. आणि बोट ठरवतानाच, आगाऊ पैसे देण्याआधी, फोनवर एक प्रश्न विचारायचा : हवा बिघडून तुम्हीच नाही म्हणालात तर पैशांचे काय? तांडेल ‘परत देतो’ किंवा ‘दुसऱ्या दिवशी नेतो’ म्हणाला, तर त्याला सकाळी खरे बोलायची मुभा मिळते. पैसे बुडणार असतील तर दोन्ही बाजू बोट काढायचेच बहाणे शोधतात.

निघायचे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी रोज इशारे देतो. बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागल्याची बातमी वर्तमानपत्रात येते ती याच व्यवस्थेतून. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, वारा आणि प्रवाह यांचा अंदाज देते. उपग्रहाने मोजलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे जमण्याची शक्यता आहे, हेही तीच संस्था सांगते. हौशी माणसाचे लक्ष या दुसऱ्या नकाशावर जाते. पाहायला हवा पहिला.

तो वाचताना एक गोष्ट माहीत हवी. अंदाजात ‘लाटांची उंची दीड मीटर’ असे असते तेव्हा ती सर्वांत उंच लाटेची उंची नसते. एकूण लाटांपैकी उंच अशा एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे दीड मीटरच्या दिवशी अधूनमधून जवळपास तीन मीटरची लाटही येऊ शकते. सहा-सात मीटर लांबीच्या बोटीला तेवढी पुरते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. किनाऱ्यावरचे जुने लोक त्यासाठी घड्याळ पाहत नाहीत, तिथी पाहतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बारा. दक्षिणेकडे ही वेळ थोडी अलीकडे येते. सिंदीकरांना तिथी मोजायला शिकवण्याची गरज नाही. गावाचा तान्हा पोळा पंचक्रोशीत नावाजलेला आहे आणि पोळा अमावास्येला, तान्हा पोळा प्रतिपदेला, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असते.

लक्ष्मीपूजनही अमावास्येला असते. म्हणजे दिवाळीचे हे दिवस उधाणाचे. या काळात भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते-उतरते, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, भरती दीडच्या सुमारास म्हटली तर सकाळी सात-साडेसातला पूर्ण ओहोटी. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर त्या वेळी बोट बाहेर निघत नाही किंवा घासते. ओहोटीचा प्रवाह बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर मुखाशीच उभ्या लाटा उठतात. ‘पाचला निघू’ असे आपण ठरवलेले असते आणि तांडेल तीन वाजता बोलावतो किंवा आठपर्यंत बसवून ठेवतो, त्यामागे हा हिशेब असतो. तो आळस नसतो.

दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

अंधारात जेटीवर जमायचे, बर्फ आणि डिझेल चढते, ओळखपत्रे पाहिली जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून तिच्यातून मुंबईपर्यंत आले होते. तेव्हापासून बोटीवर अनोळखी माणसे असणे हा सुरक्षेचा विषय झाला आहे. आधार कार्ड लॉजवर ठेवून येऊ नये.

पहिला तास मजेत जातो. उजाडते, गंगाचिल्ल्या दिसतात, कुठे तारलीचा थवा पाण्यावर चमकतो. मग बोट थांबते, तळाची गरी सोडली जाते आणि थांबलेली बोट डोलू लागते. इथून पुढे निम्म्या गटाला बोट लागते. हा शब्दप्रयोग ज्याने केला त्याने समुद्र पाहिलेला असणार. डोळ्यांना बोट स्थिर दिसते, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘हलते आहे’ म्हणतो आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. खाली मान घालून गरीला आमिष लावत बसले, मोबाइल पाहिला किंवा इंजिनाच्या धुराजवळ बसले की त्रास वाढतो. क्षितिजाकडे पाहत, बोटीच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसावे. आदल्या रात्री सावजी रस्सा नको आणि रिकामे पोटही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

मासा लागतो तेव्हा दहा मिनिटांचा कल्लोळ असतो. बाकीचे तास वाट पाहण्याचे. पूर्ण दिवसात चौघांत मिळून दोन-तीन चांगले मासे आले तर दिवस चांगला गेला असे जाणते म्हणतात. शिंगाळा आला तर हौशी हाताने गरी काढू नये, त्याच्या पंखांचा काटा विषारी असतो. पाकटाच्या शेपटीचेही तेच. काटा लागलाच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात आणि मग दवाखाना गाठायचा. बोटीत गरम पाण्याचा थर्मास असतो तो चहासाठीच असे नाही.

कायदा काय म्हणतो?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात प्रवासी बोटी आणि जलक्रीडाही बंद ठेवल्या जातात.

बोटीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. मासेमारीसाठी नोंदलेली नौका आणि प्रवासी नेण्याचा परवाना असलेली बोट या कागदोपत्री वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी बोटींचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. पैसे घेऊन पर्यटक नेणाऱ्या बोटीकडे प्रवासी परवाना आहे का, किती माणसांचा आहे आणि विमा आहे का, हे विचारायला संकोच करू नये. अपघात झाल्यावर हाच कागद मागितला जातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेटवेहून जाणाऱ्या प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. लहान बंदरांत ही सक्ती प्रत्येकाने स्वतःवर करायची असते. जॅकेट अंगावर आणि पट्टे बांधलेले हवेत, बसायला उशी म्हणून नव्हे. आतमध्ये मोबाइलची रेंज जाते. म्हणून बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवा, त्याची १६ क्रमांकाची वाहिनी संकटाच्या हाकेसाठी राखलेली आहे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४.

जागांचेही बंधन आहे. मालवणला १९८७ मध्ये जाहीर झालेले सागरी अभयारण्य २९ चौरस किलोमीटरचे आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला मनाई आहे. किल्ला पाहायला जाताना बोटीतून सहज गरी सोडावी, असे तिथे चालत नाही.

आणि माशांचेही. व्हेल शार्क, करवत मासा, महाकाय गोब्रा म्हणजे जायंट ग्रूपर हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. बोरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. साधा गोब्रा आणि महाकाय गोब्रा यांतला फरक नवख्याला कळत नाही, म्हणून माणसाएवढा गोब्रा गरीला लागलाच तर फोटोच्या मोहात न पडता दोरी कापलेली बरी. जाळ्यात अडकलेले संरक्षित प्राणी सोडताना जाळे कापावे लागले, तर राज्य सरकार मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. लहान मासे मारले जाऊ नयेत म्हणून राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटला ती १३५ मिलिमीटर आहे, सुरमईला ३७०. बोटीत मोजपट्टी ठेवणारे हौशी फार थोडे.

पकडून सोडला की मासा वाचतो का?

‘पकडा आणि सोडा’ हे या खेळाचे आवडते वाक्य. ते नेहमी खरे ठरत नाही. तळाचा गोब्रा तीस मीटरवरून झपाट्याने वर आणला की पाण्याचा दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून डोकावते. असा मासा सोडला तर फुग्यासारखा तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. त्याला परत तळाशी पोहोचवायला वजन लावलेली विशेष दोरी लागते. सुरमईला ही हवेची पिशवीच नसते, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण तिला श्वासासाठी सतत पोहत राहावे लागते. वीस मिनिटे झुंजवून, दहा मिनिटे फोटो काढून सोडलेली सुरमई दिसेनाशी होते, म्हणून ती जगली असे समजायचे कारण नाही.

तेव्हा प्रामाणिक मार्ग दोनच. जेवढे खायचे तेवढेच मासे काढून गरी गुंडाळायची, किंवा सोडायचेच असेल तर तोंडाच्या कोपऱ्यात अडकणारी वर्तुळाकार गरी वापरायची, मासा ओल्या हातांनी धरायचा आणि पाण्याबाहेर काही सेकंदच ठेवायचा. तळाच्या खडकावर दिवसभर ‘पकडा आणि सोडा’ खेळण्यापेक्षा दोन मासे घेऊन परतणे त्या खडकाच्या दृष्टीने बरे. त्या खडकावर उद्या पोटासाठी गरवणारा कोणीतरी यायचा असतो.

तांडेलाला यातून काय मिळते?

पर्ससीन आणि बेकायदा एलईडी मासेमारीने किनाऱ्यालगतचा मासा घटला, अशी लहान मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली. अंमलबजावणीबद्दलची भांडणे अजून चालू आहेत. अशा वेळी चार पर्यटकांना गरवायला नेणे हा लहान बोटवाल्याला जाळ्याच्या फेरीपेक्षा खात्रीचा रोजगार वाटतो. मासा मिळो न मिळो, भाडे मिळते. समुद्र, खडक, वारा यांची त्याची जाण पहिल्यांदाच माशाच्या वजनाशिवाय विकली जाते. गटाने भाव करताना हे लक्षात ठेवले तर बोलणे सोपे होते. सर्वांत स्वस्त बोट शोधणाऱ्याला बहुधा एकच इंजिन, दोन जुनी जॅकेट आणि रेडिओ नसलेली बोट मिळते.

समुद्र बंद राहिला तरी दिवस वाया जात नाही. खाडीत, बंदराच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला भरतीबरोबर जिताडा आणि तांबोशी आत येतात. रायगडकडे जिताड्याला जो मान आहे तो सुरमईलाही नाही. त्याला छोटी होडी पुरते, बोट लागत नाही आणि मोबाइलची रेंजही असते. भरती कधी वळेल हे तिथीच्या पाऊणपटीने सिंदीतूनच काढून ठेवता येते. भाऊबीजेला दीड, चतुर्थीला तीन.